साजूक तुपाची बंदूक

हाती घेतलेलं एकही काम पुरं न करणाऱ्या माणसांचं अखिल ब्रिटन संमेलन भरलं, तर अध्यक्ष म्हणून आमच्या साडूंना पर्याय नाही. ते भाषणाची सुरुवात अशी फर्मास करतील की लोक पुढे सरसावून बसतील, आणि ऐन रंगात आल्यावर मांडवाचे खांब कुठल्या लाकडाचे आहेत हे बघायला व्यासपीठावरून उतरतील ते परत येणार नाहीत. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे मिरजेचे, पण आता इतकी वर्षं लंडनच्या हॅरोत काढली आहेत की मेट्रोपॉलिटन लाइनवर कुठल्या डब्यात चढलं म्हणजे जिन्यासमोर उतरता येतं हे त्यांच्या पायांनाच ठाऊक आहे. नोकरी लिफ्टच्या इंजिनिअरची. त्यांनी दुरुस्त केलेली लिफ्ट पुन्हा कधी मध्येच अडकली असं निवृत्तीपर्यंत कोणी ऐकलं नाही. घरी आल्यावर मात्र ते स्वतःच प्रत्येक कामात मधल्या मजल्यावर थांबत.

या थांबण्याचा सगळा पुरावा त्यांच्या गॅरेजमध्ये रचून ठेवलेला होता. ब्रेड घरीच करायचा म्हणून आणलेला एक नाजूक वजनकाटा होता. त्यावर चिमूटभर मीठसुद्धा तोलता येई, पण ब्रेड काही फुगला नाही. ग्रहतारे पाहण्यासाठी घेतलेली दुर्बीण होती. हॅरोच्या आभाळात ढगांखेरीज काही दिसेना, तेव्हा साडूंनी काही दिवस ढगच पाहिले आणि मग तिच्यावर चादर टाकली. मधमाश्याही पाळून झाल्या होत्या. पहिल्याच उन्हाळ्यात त्या राणीसकट उठून शेजाऱ्यांच्या चिमणीत राहायला गेल्या. मागे उरलं एक खोकंभर मेण आणि चमचाभर मध, जो साडूंनी तीर्थासारखा सगळ्या नातेवाइकांच्या तळहातावर वाटला. शिवणयंत्र होतं. दिवाणखान्याला रस्त्याच्या बाजूने दोन खिडक्या, म्हणून त्यांनी हिरव्या पोपटांचं कापड आणून पडदे शिवायला घेतले. एक झाला. दुसरी खिडकी तशीच उघडी राहिली, आणि त्या घराचा पत्ता नवख्याला सांगताना आम्ही ‘एका डोळ्यावर पोपट असलेलं घर’ असं सांगत आलो. माळ्यावर मिरजेहून विमानाच्या सीटवर शेजारी बसवून आणलेली सतारही होती. तिचा पहिला सा लावण्याचं काम माझ्या लग्नाच्याही आधीपासून चालू होतं.

असल्या माणसाचा संसार जिने केला त्या ताईंबद्दल सांगायलाच हवं. ताई म्हणजे किल्ल्या. हॅरोतली निम्मी मराठी घरं उन्हाळ्यात भारतात जाताना घराची जादा किल्ली ताईंच्या हवाली करून जातात. मंडळाच्या गणपतीच्या भांड्यांचं कपाट, हॉलच्या स्वयंपाकघराचं दार, शेजारच्या म्हाताऱ्या आयरिश बाईंचं घर, सगळ्यांच्या किल्ल्या एका जाडजूड कडीत ओवून त्यांच्या पर्समध्ये असतात. कोणाची किल्ली कोणती हे त्या न बघता, बोटांनी चाचपून सांगतात. त्या येत असल्या की आधी तो खळखळाट येतो. ‘जे ठेवलंय ते सापडलं पाहिजे, आणि जे सुरू केलंय ते संपलं पाहिजे,’ एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. पहिल्या अर्ध्याची व्यवस्था त्यांनी स्वतः लावली. दुसऱ्या अर्ध्याशी त्यांनी लग्न केलं होतं.

बंदुकीचं खूळ शिरलं ते एका मे महिन्यातल्या बँक हॉलिडेच्या सुट्टीला. आम्ही चौघं एका मोठ्या जुन्या हवेलीच्या बागेत स्कोन नावाचे गोडसर पाव खायला गेलो होतो. तिथे हिरवळीवर लाल डगले घातलेली काही माणसं राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या शिपायांसारखी रांगेत उभी राहून बंदुकांचे बार काढत होती. बार झाला, पांढऱ्या धुराचा लोट आमच्या टेबलावर आला, आणि साडू हातातला स्कोन तसाच धरून उभे राहिले. त्या धुराला दिवाळीतल्या पहाटेच्या फटाक्यांचा वास होता. मलाही तो आला. मी चहा प्यालो. साडू चहा सोडून त्या रांगेकडे चालू लागले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

“एन्फील्ड घेतोय,” ते म्हणाले.

मला वाटलं मोटरसायकल. मी मायलेज विचारलं.

“अरे बाबा, ठासणीची बंदूक! दीडशे वर्षांपूर्वीची. म्हणजे नवी, पण हुबेहूब तशी. यांचा क्लब आहे, दे शूट प्रॉपरली, टार्गेटवर. ॲन्युअल मॅच असते. मी ती मॅच शूट करणार.”

“आधी दुसऱ्या पडद्याचं बघा,” ताई म्हणाल्या आणि त्यांनी उरलेला स्कोन माझ्या बायकोच्या बशीत टाकला.

पण साडू खरोखरच क्लबात गेले, आणि आम्हाला चक्रावून टाकत जातच राहिले. त्या मंडळींचा म्होरक्या एक निवृत्त बस ड्रायव्हर होता. त्याचे कल्ले हनुवटीपर्यंत आलेले, आणि सगळे त्याला कॅप्टन म्हणत. या देशात बंदूक घेणं म्हणजे भाजी घेणं नव्हे. आधी क्लबात उमेदवारी करायची, मग पोलिसांकडे अर्ज, डॉक्टरचा दाखला, ओळखीच्या माणसांची ग्वाही. बंदुकीची काळी दारू घरात ठेवायची तर तिचा परवाना वेगळा. एवढ्या वेळात साडूंनी शिवणयंत्रावरची चादर काढली आणि स्वतःसाठी लाल डगला शिवायला घेतला. डगला सुरेख झाला, फक्त डाव्या बाहीची पिवळी पट्टी तेवढी राहिली. पहिल्या कवायतीला कॅप्टनने विचारलं, “वेअर्स द अदर कफ, मेट?” साडू छाती काढून म्हणाले, “लॉस्ट इन बॅटल, सर.” त्या क्षणी ते त्या कंपूत कायमचे घेतले गेले असं मी समजतो. एकदा कॅप्टनने मोठ्या अदबीने विचारलं की सत्तावनच्या बंडातले शिपाई व्हायला आवडेल का. साडू म्हणाले, “आवडेल की. पण त्या बाजूला मी एकटाच असेन आणि तुम्ही वीस. मागच्या वेळी उलट होतं, तरी काय झालं बघा.”

मग एका दुपारी पोलिसांकडून एक बाई घर तपासायला आल्या. या वेळी मी मुद्दाम हजर होतो, कारण फुकटची करमणूक सोडू नये. ताईंनी त्यांच्यासमोर चकल्या ठेवल्या. बाईंनी साडूंना पुष्कळ प्रश्न विचारले आणि शेवटी ताईंकडे वळून, घरात बंदूक येणार याची काही काळजी वाटते का, असं विचारलं.

“नॉट ॲट ऑल, मॅडम,” ताई शांतपणे म्हणाल्या. “माय हजबंड हॅज नेव्हर फिनिश्ड एनीथिंग इन हिज लाइफ. इट इज द सेफेस्ट गन इन लंडन.”

बाई हसल्या, दुसरी चकली घेतली आणि जाता जाता सहज म्हणाव्यात तशा म्हणाल्या की भिंतीला ठोकलेल्या लोखंडी कपाटाची किल्ली फक्त परवानेवाल्याकडेच राहील. ती कुठे आहे हे घरातल्या दुसऱ्या कोणालाही माहीत असता कामा नये. “नॉट इव्हन युअर वाइफ, आय ॲम अफ्रेड.”

खोलीत जे झालं ते त्या बाईंना कळलं नाही. ताईंचा हात पर्सकडे गेला आणि तिथेच राहिला. ज्या बाईच्या कडीत अर्ध्या गावाचं घरदार, तिच्याच घरातल्या एका किल्लीचा पत्ता तिला नसावा, हा कायदा इंग्लंडच्या संसदेने केला तेव्हा ताई तिच्या डोळ्यांसमोर नसणार. पोलीसबाई गेल्यावर ताई एवढंच बोलल्या, “ज्या कपाटाची किल्ली माझ्याकडे नाही, त्यातल्या वस्तूशी माझा संबंध नाही. माझ्या स्वयंपाकघरातली काडीसुद्धा मागायची नाही. आणि अहो, हेही अर्धवट राहिलं ना, तर गॅरेजमधलं झाडून सगळं कौन्सिलच्या कचऱ्याच्या टिपवर जाईल. सतारीसकट.”

सतारीचं नाव निघाल्यावर साडू पांढरे पडले. ताई धमकी देत नाहीत, पूर्वसूचना देतात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. ही बंदूक आता निव्वळ बंदूक राहिली नव्हती. क्लबची वार्षिक मॅच, तिच्यातली शेवटची गोळी, आणि तिथपर्यंत साडू पोचतात की नाही, यावर त्यांचं सगळं अर्धवट आयुष्य टिपच्या दारात उभं होतं.

परवाना आल्यावर बंदूक आणायला आम्ही ब्रिस्टलला गेलो. गाडी मी चालवली, कारण मोटरवेवर साडूंना विचार सुचतात. दुकानदाराने हिरव्या बनातीवर दोन बंदुका काढून ठेवल्या, एक कोरी करकरीत आणि एक वापरलेली, दस्त्यावर लांब ओरखडा असलेली. दोन्ही पुरुषभर उंचीला जरा कमी. साडूंनी नळीत डोकावून पाहिलं, चाप तपासला. मग डोळे मिटून दस्त्याला कान लावला आणि बोटाच्या पेराने टकटक केली. मिरजेत तंबोऱ्याचा भोपळा असाच वाजवून घेतात. साडूंचं बालपण त्या वाद्यं करणाऱ्यांच्या ओट्यावर गेलेलं. दुकानदार माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, “इज ही ऑल राइट?” मी म्हटलं, “ही इज फ्रॉम मिरज.” त्याने समजल्यासारखी मान डोलावली. साडूंनी ओरखड्याची निवडली. “कोरीचं लाकूड अजून बोलत नाही,” ते म्हणाले, “हिचं बोलतंय.” इंग्रजांच्या घाटाची बंदूक, इटलीत घडलेली, ब्रिस्टलला विकलेली आणि मिरजकराने वाजवून घेतलेली, अशी ती आमच्या गाडीत आली. कुलूपबंद पेटीत होती तरी साडूंनी मागच्या सीटवर तिला बेल्ट लावला, आणि परतीच्या वाटेवर मला तीनदा सांगितलं की जरा हळू घे.

थोड्याच दिवसांत दसरा आला. शस्त्रपूजेच्या दिवशी एरवी आमच्या घरांत भाजीची सुरी आणि लॅपटॉप यांनाच कुंकू लागतं. त्या वर्षी खरोखरीचं शस्त्र होतं. ताईंनी पूजेकडे पाठ फिरवली होती, तेव्हा साडूंनी एकट्यानेच सगळं मांडलं, आणि त्यांना सामग्रीचा अंदाज कधीच नव्हता. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि ओंजळ भरून अक्षता टाकल्या. बंदूक भिंतीला टेकून तोंड वर करून उभी होती. त्या अक्षता कुठे गेल्या असतील याचा विचार फक्त ताईंनी केला असता, आणि त्या स्वयंपाकघरात श्रीखंड वाढत होत्या. रविवारी क्लबात कॅप्टनने तपासणीसाठी नळी उलटी केली आणि तळहातावर पिवळे तांदूळ पडले. त्याने ते नाकाशी नेले. “इज धिस बासमती?” साडू दुखावल्या आवाजात म्हणाले, “आंबेमोहोर.” कॅप्टनने सगळ्या क्लबासमोर सांगितलं की आपल्या नोकरीच्या आयुष्यात त्याने बसमध्ये पुष्कळ काही सांडलेलं पाहिलं, पण बंदुकीत भात पहिल्यांदाच.

खरी अडचण पुढे आली. ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून शिशाची गोळी सोडायची, ती गजाने ठासायची, मागे तांब्याची इवलीशी टोपी बसवायची आणि मग बार काढायचा. काळ्या दारूची काजळी अशी की दोनचार बारांत नळी आतून बुजते आणि पुढची गोळी खाली उतरत नाही. म्हणून गोळीला मेण आणि चरबीचं लेपण करतात. चरबी बैलाची किंवा मेंढीची. जुन्या कवायतीत तर दारू आणि गोळी कागदात गुंडाळलेली असे आणि तो लेपलेला कागद दातांनी फाडायचा. कॅप्टनने चरबीचा डबा पुढे केला तसे साडू दोन पावलं मागे सरले. “कॅप्टन, याच डब्यावरून माझ्या देशात एवढं मोठं रामायण झालं, आणि मी हॅरोत राहून ते दातात धरू? माझी आजी वरून बघतेय.”

मेण तर गॅरेजात खोकंभर होतंच. पण चरबीऐवजी काय? साडूंनी सूर्यफुलाचं तेल घालून पाहिलं, गोळ्या लोण्यासारख्या निसटल्या. खोबरेल इथल्या थंडीत दगड झालं. क्लबच्या नेमबाजीच्या रेंजवर चौथ्या-पाचव्या बाराला गज नळीत अडकायचा आणि साडू तो ओढत बसायचे. बाकीचे आपले नेम धरून मोकळे व्हायचे. नेमही जायचा कुठल्या कुठे. मी दुर्बिणीतून पाहायचो, कारण त्यांनी ती चादरीखालून काढून माझ्या गळ्यात मारली होती, आणि मला टार्गेटवर काही न सापडल्याने शेजारच्या शेतातल्या मेंढ्या बघून परतायचो. मॅच जवळ आली होती. मग मला ती ओळखीची लक्षणं दिसू लागली. साडू बंदुकीबद्दल बोलताना मध्येच गप्प व्हायला लागले. एका रविवारी, गज पुसता पुसता, ते म्हणाले, “अरे, मातीची भांडी करायचं चाक मिळतं म्हणे सेकंडहँड.”

मला वाईट वाटलं. माणूस बदलेल अशी माझी अपेक्षा नव्हती, पण या वेळी माझी इच्छा होती. मी आयुष्यभर त्यांच्या अर्धवटपणावर विनोद करून पोट भरलेला माणूस, आणि आता मला तो विनोद नको झाला होता. मी बायकोला सांगितलं, बायकोने ताईंना सांगितलं की नाही ते मला माहीत नाही. ताईंपर्यंत ती बातमी पोचली ती वेगळ्याच वाटेने. शेवटचा उपाय म्हणून साडूंनी दुकानातून तुपाचा एक डबा आणला होता आणि तो गॅरेजमध्ये दुर्बिणीमागे लपवला होता.

पुढच्या शनिवारी मी गेलो तेव्हा ताई तो डबा हातात धरून गॅरेजच्या मधोमध उभ्या होत्या. साडू लहान तोंड करून खोक्यावर बसले होते.

“हे काय आहे?”

“अगं, तूप. गोळ्यांसाठी.”

“हे तूप आहे? माझ्या घरात? विकतचं?” ताईंनी झाकण उघडून वास घेतला आणि डबा माझ्या हातात दिला. वाण्याकडे परत करावा तसा. “रवाळपणा तरी आहे का याला? अहो, बंदुकीला काय, दिव्यालासुद्धा लावणार नाही मी हे. लोक काय म्हणतील, हिच्या नवऱ्याला बाहेरचं तूप आणावं लागलं!”

“तूच म्हणालीस ना, स्वयंपाकघरातली काडी मागायची नाही.”

“मागायची नाही म्हणाले. देणार नाही म्हणाले का?”

त्या तशाच आत गेल्या. थोड्या वेळाने लोणी कढल्याचा वास गॅरेजपर्यंत आला, आणि साडूंनी चाकाची जाहिरात उघडी असलेला फोन हळूच उलटा ठेवला. त्यानंतर मी जे पाहिलं ते विसरणार नाही. गॅरेजमधल्या छोट्या शेगडीवर गरम पाण्यात पातेलं, पातेल्यात मधमाश्यांचं मेण, आणि वर ताई साजूक तुपाची धार धरून उभ्या. साडूंनी तो ब्रेडचा वजनकाटा पुढे केला. ताईंनी तो बाजूला सारला. त्यांनी चमच्याने एक थेंब थंड बशीवर टाकला आणि लाडवाच्या पाकाची तार बघतात तसा अंगठा आणि तर्जनीत धरून ओढला. “अजून मेण हवं.” पुन्हा थेंब, पुन्हा बोटं. “जरा तूप.” तिसऱ्या वेळी त्यांनी मान हलवली आणि आच बंद केली. वजनकाट्यावर साडूंनी दारूची मापं तोलली, आणि त्यातच त्या काट्याचंही सार्थक झालं. गोळ्या बुडवून ताटात मांडल्या तेव्हा नैवेद्याच्या तयारीसारखं दिसत होतं. ताई म्हणाल्या, “आता तरी संपवा.” आवाजात राग नव्हता. इतक्या वर्षांची विनवणी होती, आणि ती ऐकून मी उगाच मेणाचं खोकं नीट लावायला लागलो.

मॅचच्या दिवशी ताई पहिल्यांदाच रेंजवर आल्या. कानाला संरक्षक टोप, त्यावरून शाल, मांडीवर डबा, पर्समध्ये किल्ल्यांचा खळखळाट. वारा होता, आभाळ भरलेलं होतं. साडू एकाच बाहीला पट्टी असलेला डगला घालून रांगेत उभे राहिले. मी दुर्बीण लावली. पहिला बार झाला, पांढरा धूर आमच्याकडे आला, आणि सगळी रेंज नाक वर करून वास घेऊ लागली. लाडवांसाठी बेसन भाजायला घेतल्याचा वास होता तो. शेजारचा नेमबाज बंदूक खाली करून म्हणाला, “समवन बेकिंग?” दुर्बिणीत मी मेंढ्यांकडे न जाता टार्गेटकडे गेलो, आणि छिद्र काळ्या गोलात होतं. मी ओरडलो, “आत!” तेव्हापासून मी ‘आत’ हा एकच शब्द बोलत राहिलो. काजळी दाटू लागली तशा एकेकाच्या बंदुका अडू लागल्या. एकाचा गज अडकला, दुसऱ्याने पाणी मागितलं, कॅप्टन स्वतः गुडघ्यावर बसून नळी घासत होता. साडूंची गोळी मात्र तुपातल्या शेवयीसारखी सळसळत खाली उतरत होती. मला नेमाची भीती वाटत नव्हती. मला भीती होती ती त्यांच्या लक्षाची. शेवटची गोळी ठासताना त्यांचं लक्ष शेजारच्या बंदुकीच्या दस्त्याकडे गेलं. लाकूड वेगळं होतं. ते वाकून बघू लागले.

“अहो!” ताई ओरडल्या. कानावर टोप असलेल्या माणसालाही ऐकू जाईल असा तो ‘अहो’ होता. रांगेतले सगळे दचकले. साडू सरळ झाले, बंदूक खांद्याला लावली, श्वास सोडला आणि शेवटची गोळी मारली.

आत.

ती मॅच साडूंनी जिंकली. नुसती संपवली असती तरी मी नाचलो असतो, पण ते जिंकले. ज्या माणसाने पावही पुरा भाजला नव्हता तो चांदीचा मुलामा दिलेला कप डोक्यावर धरून हिरवळीवर उभा होता, आणि मिरजेपासून हॅरोपर्यंतचे सगळे अर्धवट राहिलेले उद्योग त्याच्या पाठीशी होते. मेण मधमाश्यांचं, काटा ब्रेडचा, डगला शिवणयंत्राचा, दुर्बीण ढगांची. मी तिथल्या कुणाहीपेक्षा मोठ्याने टाळ्या वाजवल्या. कॅप्टन टोपी काढून ताईंसमोर आला आणि त्याने लेपणाची कृती विचारली.

“अंदाजाने,” ताई म्हणाल्या.

“हाऊ मच इज अंदाजा?”

“दॅट यू कॅनॉट राइट. आय विल कम ॲण्ड मेक. पण एक सांगा, इफ आय आल्सो जॉइन, इफ आय आल्सो गेट द सर्टिफिकेट, देन आय कॅन हॅव द की?”

कॅप्टन म्हणाला, तसं झालं तर हो. साडूंच्या हातातला कप जरा खाली आला. ताईंनी पर्स उघडली, कडी बाहेर काढली, आणि दोन किल्ल्यांच्या मध्ये बोटाने थोडी जागा करून ठेवली.

त्या जागेत ती किल्ली येऊनही आता बरेच दिवस झाले. ताईंनी उमेदवारी केली, परवाना काढला, पोलीसबाई पुन्हा येऊन चकल्या खाऊन गेल्या. यंदा साडूंचा खांदा धरला आणि डॉक्टरांनी बंदुकीचा धक्का घ्यायला साफ मनाई केली. आता ताई नेम धरतात, आणि साडू मागे खुर्चीवर बसून दुर्बिणीतून ‘आत’ म्हणतात. बंदूक काढायची असली की ते ताईंसमोर हात पुढे करून उभे राहतात. दसऱ्याला पूजा ताईंनी केली. आधी नळीच्या तोंडाला बूच लावलं आणि मगच अक्षता वाहिल्या. मी साडूंना चिडवायला म्हणून विचारलं, “काय साडूभाऊ, हेही शेवटी अर्धवटच सोडलंत ना?” ते ताईंकडे बघत म्हणाले, “सोडलं कुठे? उरलेलं अर्धं ती करतेय.”

मागच्या रविवारी हॅरोला गेलो आणि रस्त्यावरूनच थबकलो. घराच्या दोन्ही खिडक्यांना पोपट होते. आत डगल्याला दुसऱ्या बाहीची पट्टी लागलेली, टेबलावर फुगलेला ब्रेड. ताई मधल्या वारी सरावाला एकट्या रेंजवर गेल्या की खांद्याला झेपेल तसं एकेक काम साडू काढून संपवत होते. मी शाबासकी द्यायला हवी होती. पण मी त्या दोन पडद्यांकडेच बघत राहिलो. सत्तरी ओलांडलेला माणूस असा आवराआवर केल्यासारखा एकेक पुरं करत निघाला की आपल्याला ते नको वाटतं. मला तो मधल्या मजल्यावर अडकलेला माणूसच बरा वाटत होता. मी चहा न घेताच म्हणालो, “साडूभाऊ, माझं एक ऐका. सतार तेवढी राहू द्या.”

 साडूंनी उठून माळ्याची शिडी लावली आणि दुखरा खांदा सांभाळत ती खाली आणली. गवसणी काढली, जमिनीवर मांडी घालून बसले, खुंटी पिळली, तार छेडली, कान लावला आणि मान हलवली.

“काळजी करू नको रे,” ते म्हणाले. “अजून सा लागत नाहीये.”